हे मी घरी करते

रोझीमावशींना कुठलीही वस्तू दाखवा, त्या म्हणणार, "ह्यात काय गो? हे मी घरी करते." मॉलमधला स्वेटर असो, लग्नातला केक असो, एकदा तर डॉक्टरांच्या वेटिंग रूममधलं लाकडी बाक! प्रत्यक्षात त्यांनी घरी काही केलेलं आमच्या एटोबिको उपनगरात कुणीच पाहिलेलं नाही.

मूळच्या वसईच्या, आता इथे परदेशात मुलाकडे. मुलगा-सून सकाळीच वॉनला वेअरहाऊसमध्ये कामावर, नातवंडं शाळेत. मावशी घरात एकट्या. दारातला बर्फ उपसायला आलेल्या माणसालाही त्या आग्रहाने चहाला बसवत. मी शेजारीण, माझ्या दारात येऊन रोज विचारायच्या, "बिझी नाय ना?" आणि उत्तराची वाट न बघता बसायच्या. कुणीतरी आपणहून "या, बसा" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. घरी मात्र मुला-सुनेकडून ऐकू यायचं, "मॉम, यू रिलॅक्स!"

२०१७च्या उन्हाळ्यात आमच्या मराठी ग्रुपबरोबर त्या सहलीला स्कॉटलंडला आल्या. एका तळ्याकाठच्या गावात बस थांबली. तिकडे तळ्याला लॉख म्हणतात. गाव चिमुकलं, पण घरोघरी कारागीर. मावशींच्या उत्साहाला ऊत आला. शाली पाहिल्या, "हे मी घरी करते." मडकी पाहिली, तेच. आम्ही ओळख नसल्यासारखे पुढे चालू लागलो.

शेवटच्या घरात एक म्हातारी ओल्या फांद्यांची टोपली विणत होती. मावशींनी जाहीर केलं, "दिस आय मेक ॲट होम!"

म्हातारी हसली नाही. तिने शेजारचं स्टूल ओढलं, फांद्या मावशींच्या हातात दिल्या आणि बसायची खूण केली.

आता फजिती, मी मनात म्हटलं. झालीच. एक फांदी मोडली, एक सुटून नाकावर बसली. म्हातारीने मावशींचा हात हातात घेऊन फांदी कशी वळवायची ते दाखवलं. मग दोघी कामाला लागल्या. मधूनच गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, मधूनच मुलांबद्दल. मावशींचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं.

बसचा हॉर्न वाजला. टोपली अर्धवटच होती. "वरचा काठ बांधून देते, घेऊन जा," म्हातारी म्हणाली. मावशींनी घाईघाईने टोपली तिच्याकडे सरकवली. "नो, नो. यू कीप."

बसमध्ये मी म्हटलं, "मावशी, आणायची ना! नातवंडांना दाखवली असती."

"खुळी काय तू?" मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पुरी झाली तर ती मला परत कशाला बोलवील?"