पॅनलवरची सोलापुरी चादर

आमचे घरमालक शंकरराव कळमकर ढगांना शिव्या देतात. त्याही दखनीत. "क्या रे, दुसरा घर नहीं मिला क्या?" असं आभाळाकडे बघत ते गच्चीवरून ओरडले की नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीला कळतं, काकांच्या सोलर पॅनलवर सावली आली.

काका मूळचे परभणीकडचे, शेतकऱ्याघरचे. नोकरीत जन्म इथं हैदराबादेत गेला, आता निवृत्त होऊन खालच्या मजल्यावर एकटे राहतात. पॅनल त्यांच्या मुलानं, महेशनं बसवून दिले आणि तो बंगळुरूला निघून गेला. तेव्हापासून काका रोज सकाळी ते पॅनल बैल धुवावेत तसे धुतात. वर थोपटतातही. संक्रांतीत एक पतंग येऊन पॅनलवर बसला, तर काकांनी त्याचे तुकडे तुकडे केले.

"ऊन वाया जायलंय ना!" हे त्यांचं पालुपद. आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, वीज त्यांच्याच मीटरवर. त्यामुळे आमचा संसारही सूर्याच्या वेळापत्रकावर चालतो. दिवसा वाटेल ते लावा, ती घरची वीज. सूर्य मावळला की ती विकतची. संध्याकाळी माझ्या बायकोनं मिक्सर फिरवला की दारावर थाप पडलीच. "सुनंदाबाई, चटणी उद्या उन्हात वाटा की!" आणि मावळतीनंतर इस्त्री म्हणजे तर महापाप. काका स्वतः चुरगळलेल्या सदऱ्यात लग्नाला जाऊन आलेत.

हे सगळं आम्ही हसून सोसत होतो. मग महेशचा फोन आला.

"तुम्ही पॅनलवर चादर वाळत घालता म्हणे? माझ्या मोबाईलवर सगळं दिसतं. एका पॅनलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज कमी होते. वीज घसरली की माझ्याकडे घंटी वाजते, मग बाबांना फोन करून विचारावं लागतं. हल्ली हे सारखंच व्हायलंय. परत झालं तर दुसरं घर बघा."

लेक दहावीला, शाळा इथून चालत जाण्यासारखी, आणि या भाड्यात नल्लकुंट्यात आता कोण घर देतं? सुनंदा तर पेटलीच. "माझी चादर दोरीवर असते! पॅनलवर कोण टाकतं?" मी तडक काकांकडे गेलो. ढगांशी भांडणारा हा माणूस माझ्याकडे बघेना. "महेश म्हणतो तसं बगा आता," एवढं पुटपुटून त्यांनी दार लावून घेतलं. मला भयंकर राग आला.

"फोटो काढा आणि त्या महेशच्या तोंडावर मारा," सुनंदानं फर्मावलं. मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये हिशेबनीस आहे. सुट्टी मिळवताना नाकीनऊ आले. सुनंदानं सोलापुरी चादर दोरीवर घातली आणि मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. ऊन रणरणत होतं. जिन्यात पाऊल वाजलं की मी टाकीमागे आणखी सरकायचो. माझा संशय शेजारच्या गच्चीवर होता.

आले ते काका.

त्यांनी आमची चादर दोरीवरून काढली, नीट झटकली आणि स्वतःच्या हातानं पॅनलवर पसरली. कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग जिन्याच्या सावलीत बसून फोन तळहातावर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. एवढं ऊन वाया जात होतं आणि काका गप्प होते.

मी मोबाईल वर उचलला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हौ महेश! खाली गेलं? अरे देवा. हेच की, वरच्यांची चादर. बघतो... तू जेवलास का रे? आवाज असा काऊन यायलाय? सर्दी झाली का?" मग एकदम घाईनं, "नको नको, ठेवू नको! चादर अडकली बग. वीज चढेस्तोवर लाईनवर राहा बाबा."

चादर कुठेही अडकली नव्हती. काका तिच्याजवळही गेले नव्हते.

मी फोटो काढलाच नाही, मोबाईल खिशात टाकला. बोलणं संपल्यावर चादर पुन्हा दोरीवर टाकून काका खाली गेले, तसा मीही उतरलो आणि सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं माझा मोबाईल माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "महेशला फोन लावा. चूक आपली म्हणा."

मी तसंच म्हणालो. "आता चादर टाकणार नाही, शब्द देतो. पण आमच्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही रोज दुपारी काकांना फोन करून खात्री करून घेत जा." तो करवादला, पण हो म्हणाला, आणि बाबांना आत्ताच सांगतो म्हणाला.

चादर त्या गडबडीत गच्चीवरच राहिली होती. संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर दारावर थाप पडली. मिक्सर तर बंद होता. दार उघडलं तर कुणी नव्हतं. उंबऱ्याशी आमची सोलापुरी चादर होती, काटेकोर घडी घातलेली. मी ती उचलली. सोलापुरी चादरीला कुणी इस्त्री करतं का? पण तिच्यावर इस्त्री फिरवली होती, आणि ती अजून गरम होती.