जनूभाईंची पार्टी

डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर, आमच्या रस्त्यावर, सकाळी दुकानांची शटरं नंतर उघडतात. आधी जनूभाईंचं तोंड उघडतं. पहिला बळी दूधवाला. दुधात पाणी असतं म्हणून नव्हे, तो सायकलची घंटी दोनदा वाजवतो म्हणून. "एकदा वाजवली की कळतं! बहिरा आहे काय मी? मला बोलायला लावू नका!"

हे "मला बोलायला लावू नका" म्हणजे बोलणं संपल्याची नव्हे, सुरू झाल्याची खूण. त्यानंतर दूधवाला, त्याची म्हैस, म्हशीचा गोठा असं सगळं घेऊनच ते थांबायचे. राग फारच चढला की मराठीत मावायचा नाही, मग उरलेला गुजरातीत सांडायचा.

माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या लॉजला लागून. मधे एकच भिंत, तीही पातळ. लॉजचे मालक वापीला राहायचे आणि फारसे फिरकायचे नाहीत. मॅनेजर, कॅशियर, रखवालदार सगळं जनूभाईच. काउंटरमागच्या चिंचोळ्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एवढाच त्यांचा संसार. घर वाणगावच्या पलीकडे, भावांची ढोबळी मिरचीची शेती. पण कधीतरी काहीतरी बिनसलं होतं. मी एकदाच विचारलं होतं. "मला बोलायला लावू नका," म्हणाले, आणि त्या एका वेळी खरोखरच बोलले नाहीत.

लॉजवर येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते 'पार्टी' म्हणत, आणि प्रत्येक पार्टीवर त्यांचा आधीपासूनच राग असे. कुणी खिडकीतून समुद्र दिसतो का विचारलं, की "समुद्र बघायचा तर समुद्रावर जा! इथे झोपायला आलात ना?" भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'गाद्यांवर उड्या मारू नयेत. मोठ्यांनीही.' माझ्याशी ते महिन्यातून एकदा ठरवून भांडत. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पाकिटात दहा गोळ्या का, यावरून. "महिना एकतीसचा असला की एकतिसाव्या दिवशी मी काय करू? मरू?"

"जनूभाई, ब्लडप्रेशर गोळीनं नाही, तुमच्या तोंडानं वाढतंय," मी म्हणायचे. त्यावर वेगळं भांडण.

नोटबंदीच्या पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस भिंतीपलीकडून किंकाळी आली. लॉजवर झाडलोट करणारी शेवंती जिन्यावरून धावत खाली आली. "घूस! बाथरूममधी घूस आहे, खोक्यात बसलीय!"

जनूभाई काठी घेऊन वर गेले. खाली आले तेव्हा काठी बगलेत होती आणि हातात बुटांचं खोकं. झाकणाला भोकं पाडलेली. ते थेट माझ्या काउंटरवर आदळलं. आत पांढऱ्या-तपकिरी रंगाचा, शेपूट नसलेला, ओंजळीत मावेल एवढा प्राणी पाठ फुगवून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. खोक्यात कोबीचं एक सुकलेलं पान.

"गिनीपिग आहे हा," मी म्हटलं.

"कोण का असेना! पार्टीनं खोली सोडली आणि हा ठेवून गेली! हे लॉज आहे की पांजरपोळ?"

ती पार्टी म्हणजे ठाण्याचं एक कुटुंब. आई, बाप, एक मुलगी. सकाळच्या गाडीने गेले होते. जनूभाईंनी माझ्यासमोरच बापाला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, कारण जनूभाईंच्या हातात फोन असला की तो कानापासून वीतभर लांब असतो.

"काका, तो खातपीत नाहीये," तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला. "मरणारच आहे. पोरीसमोर नको म्हणून तिथे ठेवला. टाकून द्या ना कुठेतरी."

जनूभाई जे बोलले ते लिहिता येणार नाही. मराठी तर नाहीच, गुजरातीही नाही. माझ्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाई औषध न घेताच गेल्या. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी त्यांना थांबवलं नाही. मलाही त्या माणसाचा संताप आला होता. खोक्याला भोकं पाडण्याइतकी लाज होती, पण सोबत न्यायची दानत नव्हती.

"एक काहीतरी अँटिबायोटिक द्या बाई," जनूभाई म्हणाले.

"माणसाचं औषध याला द्यायचं नाही. डॉक्टरला दाखवा."

त्यावर अर्थातच भांडण झालं, पण मी बाटलीला हात लावला नाही. तलासरीकडे जनावरांचे एक डॉक्टर होते. भर उन्हात जनूभाई खोकं मांडीवर घेऊन सहा आसनी रिक्षातून निघाले. वाटेत गाण्याचा आवाज मोठा आहे म्हणून ड्रायव्हरशी, आणि खोक्यात डोकावते म्हणून शेजारच्या म्हातारीशी त्यांचं वाजलं. डॉक्टर भले होते. "मी गाईबैलांचा, शेळ्यांचा माणूस," ते म्हणाले, "पण हा प्राणी थोडाफार माहीत आहे." त्यांनी दात पाहिले, पोट चाचपलं. उन्हानं आणि उपासानं गळून गेलाय, म्हणाले. याचं पोट सतत चालू लागतं. थांबलं की संपला. तेव्हा भरवावं लागेल. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, दिवसभर. गवत हवं, पाणी हवं, आणि हा आपल्या शरीरात क जीवनसत्त्व बनवत नाही, तेही पोटातून जायला हवं. माणसांची अँटिबायोटिकं चुकूनही नकोत, काही तर याला मारतात.

परत आल्यावर जनूभाई माझ्यावरच ओरडले. "तुम्हाला माहीत होतं तर मला पटवून का नाही दिलंत?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्याने जे पाहिलं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. जनूभाई बिनसुईची सिरिंज मागायला आले. मी दिली, ती मोठी निघाली. मग लहान दिली, तिचा दट्ट्या घट्ट निघाला. "कोण बनवतं हे? त्याच्या तोंडात घालून बघा म्हणावं!" शेवटी एक मनासारखी मिळाली. गवताच्या वखारीतून त्यांनी चांगलं वाळलेलं हिरवट गवत निवडून आणलं, एकेक काडी हुंगून. वखारवाल्याने विचारलं, म्हैस कितीशी आहे? ते गवत त्यांनी मिक्सरमध्ये अगदी बारीक केलं. मिक्सर माझा होता. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या चटणीला कुरणाचा वास येत होता.

ढोबळी मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर, हे मीच सांगितलं. तर हे गृहस्थ वाणगावच्या बाजारात जाऊन प्रत्येक भाजीवालीला विचारत सुटले, फवारणी कधी केली होती. एकीनं म्हटलं, "खायची तर खा, नाहीतर चालते व्हा." तिच्याशी भांडून तिचीच मिरची घेऊन आले. "खरं बोलणारी वाटली," म्हणाले.

गवताची भुकटी, वाटलेली मिरची, पाणी यांची पातळ पेज व्हायची. मग जनूभाई स्टुलावर बसायचे, पार्टीला (त्यांनी त्याचं नाव तेच ठेवलं होतं) टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायचे, आणि सिरिंज समोरच्या दातांच्या बाजूने, गालाकडून आत सरकवून एक थेंब सोडायचे. मग थांबायचे. तो चावेपर्यंत थांबायचे. पुन्हा एक थेंब. मधे नुसतं पाणी. हात इतका हलका, की हेच हात काउंटरवर आपटतात यावर विश्वास बसू नये. तोंड मात्र चालूच.

"गिळ! गिळ म्हणतो ना! तुझ्या मालकाला लाज नाही, तुलाही नाही? अंगात मूठभर मांस नाही आणि माज बघा! ए, थुंकायचं नाही! मला बोलायला लावू नको!"

नवीन आलेली पार्टी किल्ली मागायला काउंटरशी उभी असली, तर तिला बोटानेच गप्प राहायची खूण व्हायची. एकाने तक्रार केली की आम्ही कधीचे उभे आहोत. "उभे आहात ना? पायांवर? मग नशीबवान आहात!"

सुरुवातीला काहीच फरक दिसेना. तो आणखीच हलका झाला. दुपारच्या तापात जनूभाई ओला टॉवेल खिडकीला बांधायचे, खोलीतला एकुलता पंखा त्याच्या खोक्याकडे वळवायचे आणि स्वतः घामात बसायचे. रोज त्या ठाण्याच्या माणसाला फोन करून, आज किती थेंब गेले आणि तो माणूस किती नालायक आहे, याचा अहवाल द्यायचे. काही दिवसांनी त्याने फोन घेणंच सोडलं. मग राग कुणावर काढायचा, तर माझ्यावर.

"सोडा हो जनूभाई," मी एकदा वैतागून म्हटलं. "तो नाही जगायचा. तुम्हीच आजारी पडाल."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की ओरडले असते तर बरं झालं असतं. "खातो तोवर भरवायचं," एवढंच म्हणाले.

आणि मग एका सकाळी, दुकानात चांगली गर्दी असताना, जनूभाई धावत आले. बनियनवर. हातात वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, त्यावर चार-पाच काळ्या लेंड्या. "झाली! बाई, झाली! बघा, कशा टपोऱ्या आहेत!" रांगेतल्या एका सभ्य गृहस्थांच्या नाकाखालून तो कागद फिरला. "बघा तुम्हीही! पोट चालू झालं!" ते गृहस्थ हबकून म्हणाले, "अभिनंदन." दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर तो सुधारत गेला. आधी कोथिंबिरीची काडी स्वतः ओढली, मग गवत, मग काकडीची चकती. शेवंती येताना तिच्या गावाहून, उधव्याहून, ताजी हरळी घेऊन यायची. सिरिंज दिसली की तो आता तोंड फिरवायचा आणि जनूभाई त्याला कृतघ्न म्हणायचे.

एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. "तुमचा मोबाईल द्या. माझा नंबर दिसला की तो भेकड फोन घेत नाही. आज त्याला सांगणार, तुझा मेलेला अख्खी काकडी खाऊन बसलाय."

मी दिला. त्यांनी चुकून स्पीकर दाबला. पलीकडे उचलल्याचा आवाज येताच सुरू झाले. "ए पळपुट्या, ऐक..."

"कोण बोलतंय?"

लहान मुलीचा आवाज. जनूभाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी इतक्या वर्षांत ते असं, आवाजाशिवाय उघडं पाहिलं नव्हतं.

"मी... डहाणूहून. लॉजवरून."

 मग ती म्हणाली, "लाडू मेला का?"

"कोण लाडू?"

"आमचा गिनीपिग. पप्पा म्हणाले तो खोलीतून वाडीत पळाला. पण त्याला चालताच येत नव्हतं. मेला का? खरं सांगा, मी रडणार नाही."

जनूभाई माझा मोबाईल घेऊन पळत लॉजमध्ये गेले. मी दुकान उघडं टाकून मागे. त्यांनी फोन त्या प्राण्याच्या तोंडाशी धरला. करकर, करकर, गवत चावल्याचा आवाज. "ऐकलंस?" जनूभाई म्हणाले. "हा मेलेला आवाज आहे काय?"

"लाडू!" ती ओरडली. तो खायचा थांबला.

"हळू बोल! खाऊ दे त्याला!" जनूभाई दटावले. आणि गवताची आणखी एक काडी त्याच्यापुढे सरकवली.

पलीकडे मुलगी न रडायचं ठरवून रडत होती. मग तिने विचारलं, "पप्पांनी त्याला सोडून दिलं होतं ना?"

मी जनूभाईंकडे पाहिलं. याच प्रश्नाची ते इतके दिवस वाट बघत होते. त्या माणसासाठी साठवलेला एकेक शब्द मला पाठ होता.

"छे गं," जनूभाई म्हणाले. "आजारी होता ना तो. प्रवास झेपला नसता. तुझे पप्पाच सांगून गेले मला, काका, नीट बघा याला. रोज फोनवर चौकशी व्हायची. तुला का नाही सांगितलं? अगं, बरा होतो की नाही, कुणाला माहीत होतं."

फोन बंद करून त्यांनी माझ्या हातात दिला. "काय बघताय? दुकान उघडं टाकून येतात काय कोणी?"

पुढच्या रविवारी बाप मुलीला घेऊन आला. त्याची मान वर होत नव्हती. "काका, मी..." असं त्याने सुरू केलं. "बसा. चहा येतोय," जनूभाई म्हणाले आणि दात आवळून दुसरीकडे बघत राहिले. मुलीला मात्र त्यांनी सगळं शिकवलं. कसा धरायचा, गवत किती, पाणी रोज बदलायचं, ऊन लागू द्यायचं नाही. जाताना ती खोकं सांभाळत मागे वळली. "थँक यू आजोबा."

गाडी गेली आणि जनूभाई माझ्याकडे आले, तक्रार घेऊन. "आजोबा म्हणाली मला! मी काय आजोबा दिसतो?" मग हीच तक्रार पानवाल्याकडे गेली, मग रिक्षा स्टँडवर, मग पुन्हा माझ्याकडे. इतक्या प्रेमाने केलेली तक्रार मी दुसरी ऐकलेली नाही. निघताना सहज म्हणाले, "दिवाळीत येऊ म्हणाली. पोरं काय, काहीही बोलतात."

दिवाळीत डहाणूला गर्दी असते. समुद्रावर जागा न मिळालेली माणसं स्टेशनपर्यंत खोल्या शोधत येतात. भिंतीपलीकडून मला जनूभाईंचा आवाज ऐकू यायचा. वरच्या मजल्यावरची, रस्त्याकडची हवेशीर खोली बंद होती आणि ते एकामागून एक पार्टी परत पाठवत होते.

"रिकामी दिसतेय हो काका," कुणीतरी म्हणालं.

"दिसू दे! बुक आहे म्हटलं ना!"

पाडवा झाला, भाऊबीज झाली. ठाण्याहून कुणी आलं नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांनी ती खोली कुणाला दिली नाही, आणि शेवंती रोज सकाळी तिथली चादर बदलत होती.