प्रिंटरच्या पोटातल्या अक्षता

तपासणी समिती अकराला येणार होती आणि साडेनऊला थ्रीडी प्रिंटर थंडीनं कुडकुडल्यासारखा कडकड दात वाजवू लागला. विद्यापीठात 'हातांनी घडवा' कक्ष उघडून वर्ष झालं होतं. कक्षाची जबाबदारी निकिताची, नोकरी कंत्राटी, आणि कंत्राट पुढे चालणार की नाही ते आजच्या शेऱ्यावर.

"शेवटचा कधी चालवला होता गं?" तिनं मदतीला आलेल्या विद्यार्थिनीला, सृष्टीला विचारलं.

"खंडेनवमीच्या आधी, मॅडम. पूजा झाली आणि ललित सर म्हणाले, महागाचं आहे, आता हात लावायचा नाही."

विभागप्रमुख ललित सरांनी तशी पाटीच लावली होती. हातांनी घडवायच्या खोलीत, बरोबर दारासमोर : 'हात लावू नये.'

सृष्टीच्या वर्गातल्या नवनाथनं मोबाइलचा टॉर्च मारून आत डोकावलं. "मॅडम, आत तांदूळ आहेत."

"काय?"

"तांदूळ. लाल."

झाडू टेकवून उभ्या असलेल्या नवसाबाईंकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

"मीच वाह्यल्या अक्षता," नवसाबाई शांतपणे म्हणाल्या. "हातोडी, करवत, समद्यांना दोन-दोन दाणे. याला मूठभर. लय महागाचं म्हनत व्हते ना सर!"

निकितानं कपाळाला हात लावला. "उघडलं तर वॉरंटी जाईल रे."

"नाही उघडलं तर तुम्ही जाल, मॅडम," नवनाथ म्हणाला.

मग उघडलाच. स्क्रू चहाच्या ट्रेमध्ये, झाकण खुर्चीवर, वायरी टेबलभर. प्लॅस्टिकची तार ओढणाऱ्या दातेरी चाकात दाणे गच्च बसले होते. नवसाबाईंनी केसातला आकडा काढला. "जात्यात खडा अडकला की वरचा दगड उचलावाच लागतो. सरका जरा."

एक दाणा निघाला, दुसरा निघाला. निकिता घड्याळ बघायची, दाणे मोजायची, पुन्हा घड्याळ बघायची. नाकाला काळं ग्रीस लागलेलं तिला ठाऊकच नव्हतं. आणि कधी नव्हे ती समिती अर्धा तास आधी आली.

"आणि हा आमचा अत्याधुनिक..." ललित सरांचे शब्द दारातच विरले.

समितीच्या अध्यक्ष सरिताताई टेबलापाशी आल्या. पसारा पाहिला, निकिताचं नाक पाहिलं. निकिताला वाटलं, संपलं.

"आकडा द्या इकडे," त्या नवसाबाईंना म्हणाल्या. "मागचा दाणा तिरपा बसलाय." आणि पदर खोचून खुर्ची ओढून बसल्या.

पावणेबाराला यंत्र चालू झालं. पहिली घडली ती चिमुकली वाटी, कुंकवाची गुलाबी झाक असलेली. निघताना सरिताताई ललित सरांना म्हणाल्या, "जाईन तिथे यंत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दिसतात. काळे झालेले हात आज पहिल्यांदा पाहिले."

शेरा उत्तम आला. कंत्राट वाढलं. निकिता चार दिवस शांत झोपली.

सोमवारी कक्षात आली तर प्रिंटर काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. वर नवी पाटी : 'आमचे आदर्श यंत्र. हात लावू नये.' शेजारी ललित सर, अभिमानानं फुललेले. "किल्ली नवसाबाईंकडे दिलीय. धूळ बसायला नको."

निकितानं कुलूप एकदा ओढून पाहिलं.

सर जिना उतरून गेले. नवसाबाईंनी कमरेची किल्ली काढली.

"मॅडम, काच आतूनबी पुसावी लागंल. रोजच. दोन तास तरी जातील," त्या म्हणाल्या, "आन मला चार-पाच पोरं लागतील हाताशी."