सायकलीचं तिसरं दरपत्रक

वस्तू विकत घेणं कोणालाही जमतं. ती रीतसर विकत घेणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे. आदिमानवाने चाक शोधलं तेव्हा दरपत्रकं मागवली नव्हती, म्हणूनच माणसाची गाडी आजवर रुळावर आलेली नाही, असं मुलुंड पूर्वच्या जयवंत परुळेकरांचं ठाम मत होतं. एका निमसरकारी मंडळाच्या खरेदी शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं मत ते, त्याला वजन असणारच. (वजन खुद्द माणसालाही होतं. ब्याण्णव किलो. भानगड तिथूनच सुरू झाली.)

मंडळाच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मृणालिनी यांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. "परुळेकर, साखर भलतीच वाढलीय. रोज अर्धा तास सायकल चालवा. तीन महिन्यांनी परत बघू. उतरली नाही, तर इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज."

परुळेकरांनी आधी दार किती लांब आहे ते बघून घेतलं. हा गृहस्थ साहेबाला भ्यायला नाही, ऑडिटला भ्यायला नाही, सासऱ्याला तर अजिबातच नाही. पण सुई दिसली की त्याची बोबडी वळते. लशीच्या वेळी ते दोनदा रांगेतून पळून आले होते. तिसऱ्यांदा प्रेमाताईंनी दंडाला धरून नेलं, तेव्हा तो दंड आठवडाभर ठणकत होता. (टोचलेला नव्हे. धरलेला.)

तेव्हा सायकल घ्यायची हे नक्की झालं. प्रश्न एवढाच उरला, की स्वस्तातली घडीची घ्यावी की चांगली मोठी, अख्खी? एखादा उथळ माणूस सरळ दुकानात गेला असता. परुळेकरांनी फाईल उघडली. विषय : दुचाकी (पेट्रोल न पिणारी) खरेदी करणेबाबत.

पहिला महिना हरकती व सूचना मागवण्यात गेला. त्या पुढीलप्रमाणे आल्या.

पत्नी, प्रेमाताई : "तुमका सायकल व्हयी काय फाईल व्हयी? एकदा काय ता ठरवा!" (नोंद घेतली.)

कन्या, दिशा : "बाबा, घे ना यार कुठलीपण. वाट लागेल तुझी." (भाषा असंसदीय. कामकाजातून वगळली.)

सोसायटीचे सेक्रेटरी, चंद्रप्रकाश : मोठी सायकल जिन्याखाली ठेवता येणार नाही. तिथे पाण्याची जुनी मोटर आहे. ती चालत नाही, म्हणून ती हलवता येत नाही. घडीच्या सायकलीबद्दल म्हणाल, तर ती वाहन की सामान हे सर्वसाधारण सभेत ठरेल. (मागची सर्वसाधारण सभा गच्चीच्या किल्लीवर सुरू झाली होती. ती अजून संपलेली नाही.)

मग स्थळपाहणी झाली. घडीची सायकल पंधरा सेकंदांत मिटते, अशी जाहिरात होती. नाहूरच्या दुकानात परुळेकरांनी ती एकोणीस मिनिटांत मिटवली; पैकी अकरा मिनिटं आत अडकलेली विजार सोडवण्यात गेली. दुकानदार हर्षद आणि दोन गिऱ्हाईकांनी हातभार लावला. तिचं चाक वीस इंची, आणि तिथून घरापर्यंतच्या खड्ड्यांची सरासरी रुंदी बावीस इंच भरली. (पाहणीत खड्डे नऊ. पैकी दोहोंत पाणी असल्याने त्यांनी सहकार्य केलं नाही.)

मोठ्या सायकलीसाठी जिना टेपने मोजला. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत सुखरूप जात होती. पण परुळेकर राहतात तिसऱ्यावर, आणि मधल्या वळणावर तिचं हँडल काही केल्या वळेना. म्हणजे सायकलीला दुसऱ्या मजल्यावर गार्गीबाईंकडे राहावं लागलं असतं. गार्गीबाईंना विचारलं. त्या नाही म्हणाल्या, पण चहा मात्र दिला. (साखर दोन चमचे. फाईलवर घेतली नाही.)

हे सगळं होईस्तोवर तिसरा महिना उजाडला, आणि परुळेकरांच्या लक्षात आलं की घोडं पेंड खातंय ते निराळ्याच ठिकाणी. नियमाप्रमाणे दरपत्रकं तीन लागतात. सायकली होत्या दोनच! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. (दोन पोळ्या गेल्या. एरवी पाच जातात.)

सकाळी ते हर्षदकडे गेले. हर्षदला गिऱ्हाईक नको होतं, सुटका हवी होती. त्याने लेटरहेडवर तिसरं दरपत्रक लिहून दिलं : तीनचाकी, पेडलसह, बदकाच्या घंटीसह, वय वर्षं दोन ते चार. परुळेकरांना यात काही वावगं वाटलं नाही. तिसरं दरपत्रक लग्नातल्या करवलीसारखं असतं. सोबतीला लागतं, तिच्याशी कोणी लग्न लावत नाही.

रविवारी तुलनात्मक तक्ता पूर्ण झाला आणि परुळेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यात कमी दर तीनचाकीचा! बरं, बाकी रकान्यांत तरी नापास व्हावी? घडी : गरज नाही. जिना : काखेत मावते. सोसायटी : खेळणं आहे, परवानगी लागत नाही. खड्डे : तीन चाकं, पडत नाही. सगळीकडे पास. कमी दर नाकारायचा तर लेखी कारण लागतं, आणि "चालवणारा मावत नाही" हे लिहायला जागाच सापडेना. 'वापरणारा' असा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. एकतीस वर्षांत गरज पडली नव्हती.

तीनचाकी घरी आली. प्रेमाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पोरीच्या लग्नाचो पत्तो नाय, नि ही कोणासाठी आणलात?"

"नियमासाठी," परुळेकर म्हणाले, आणि बसले. गुडघे कानाला लागले. सोफ्यापासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून सोफ्यापर्यंत, बदक वाजवत, त्यांनी इमानेइतबारे चार दिवस व्यायाम केला. पाचव्या दिवशी पेडलने राम म्हटला.

तीन महिने भरले. रिपोर्ट आला. साखर उतरली नव्हती. चांगली दोन पायऱ्या वर चढली होती. डॉक्टर मृणालिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ट्रे पुढे ओढला. खोटं कशाला सांगा, परुळेकरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या एका सुईपायी त्यांनी सगळा खटाटोप केला होता हो!

"बाई, सुई... बारीक आहे ना?"

"काळजी करू नका," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "बाजारातून अशीतशी आणलेली नाही. तुमच्याच शाखेने पाठवलीय. तीन दरपत्रकं, सगळ्यात कमी दराची. तक्त्यावर सही तुमचीच आहे की!"

परुळेकरांना तो तक्ता आठवला. पाठोपाठ तिसरं दरपत्रक आठवलं. करवली म्हणून बसवलेलं ते दरपत्रक गोणपाट शिवायचे दाभण विकणाऱ्याचं होतं, आणि दर त्याचाच कमी होता.

ब्याण्णव किलोंचा माणूस खुर्चीतून असा उडाला, की चपला तिथेच राहिल्या. तो गेट ओलांडून जो पळत सुटला, तो थेट नाहूरच्या पुलापर्यंत न थांबता गेला. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर शांतपणे लिहिलं : व्यायामास सुरुवात.

आता ट्रेमध्ये ती सुई तेवढी तशीच पडून आहे, आणि नियमाप्रमाणे पाकीट फोडलेला माल परत जात नाही. पुढचा नंबर कोणाचा? तुमचाच ना, मघापासून बाकावर बसून परुळेकरांना हसत होतात ते? या, बसा. बाही वर घ्या. घाबरायचं काही कारण नाही. सगळं रीतसर घेतलेलं आहे, तुमच्यासाठीच.