साळबाचा साठवणीचा डबा

एका जंगलात, बाळांनो, साळबा नावाचं साळिंदर राहत होतं. जंगल कुठलं ते विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथंच बंद.

साळबाकडे जुना व्हिडिओ गेम होता. कॅसेट घालायची, दोन रिमोट जोडायचे आणि जोडीने खेळायचं. एकाने शिडी धरायची, दुसऱ्याने चढायचं, शेवटी राक्षसाला लोळवायचं. साळबाचा जोडीदार म्हणजे शेजारच्या गुहेतले अस्वलआबा. कॅसेट रुसली की आबा तिच्यात फुंकर मारत. फुंकर अस्वलाची, धुळीबरोबर कधी कधी कॅसेटही उडे.

पण राक्षसाच्या दारात पोचलं की हमखास वीज जाई. वीज आली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. त्यात आबांना अंधुक दिसू लागलं होतं.

"साळ्या, डोळे आहेत तोवर एकदा त्याला पडलेला बघायचाय रे," आबा म्हणाले.

साळबाला गलबलून आलं. वीज गेली तरी खेळ जिथल्या तिथं राहील असा साठवणीचा डबा करायचं त्याने ठरवलं. भंगारातून तारा आणल्या, पाठीवरचा काटा उपटून त्याच्या टोकाने त्या जागच्या जागी बसवल्या, आणि डबा झालासुद्धा.

आबांना हाक मारणार, तेवढ्यात माकडं आली. त्यांनी डबा हुंगला आणि विचारलं, एवढ्यात एकच खेळ मावतो होय?

साळबाच्या जिवाला लागलं. त्याने जंगलातले सगळे खेळ मावतील असा दुसरा डबा केला. मग दुसरा बिघडला तर काय, म्हणून त्याची नक्कल ठेवायला तिसरा. आबा रोज मोहाची फुलं घेऊन यायचे. आज नको, काम अर्धवट आहे, असं साळबा सांगायचा. आबा तिथंच डुलकी काढून घरी जायचे.

शेवटी सगळे डबे मिळून एक महाडबा झाला. तो जोडायला गेममध्ये जागाच उरली नव्हती. साळबाने डोकं चालवलं. दोन्ही रिमोट एकट्यानेच चालवून खेळ राक्षसाच्या दारापर्यंत नेला, मग दुसऱ्या रिमोटची तार उपटली आणि त्या भोकात डबा जोडून टाकला.

उद्घाटनाला अख्खं जंगल लोटलं. सिंहाने हार पाठवला. वीज गेली, वीज आली, आणि राक्षस दारात जसाच्या तसा उभा. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आबा रिमोट घेऊन पुढे सरकले. "माझा कुठं लावू रे?"

डबा काढला तर साठवलेलं सगळं पुसलं जाणार होतं. साळबाने आबांकडे पाहिलं. मग टाळ्या वाजवणाऱ्या माकडांकडे पाहिलं.

"तिथं आता साठवण आहे, आबा."

आबांनी रिमोटची तार हळूहळू गुंडाळली.

"असू दे. मला आता तसंही दिसत नाही. राक्षस पडला का, तेवढं सांग."

"नाही आबा," साळबा म्हणाला. "पण आहे अगदी सुरक्षित."

तात्पर्य: बाळांनो, खेळण्याच्या नादी लागू नये, आधी साठवण वाढवावी. सोबती आज ना उद्या जातातच. राक्षस मात्र नीट जपला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.