चिंचेपाशी डावीकडे

सायकलीत हवा भरायची, एवढाच माझा विचार होता. हवा भरून झाल्यावर मी थांबायला हवं होतं.

सायकल आमच्या डॅनीची, म्हणजे मुलाची. जाड टायरची, पुष्कळ गिअरची, शेताबांधावरून उड्या मारत जाणारी. त्यानं ती दोन आठवडे चालवली, मग पुण्याला नोकरी लागली, आणि तेव्हापासून ती केडगावच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी होती. (या कामासाठी तिच्याइतकी उत्तम सायकल मी पाहिलेली नाही.) त्या रविवारी उपासनेहून घरी आलो. घर नेहमीसारखं शांत होतं. माझी बायको दया जाऊन दोन वर्षं झाली, पण शांत घरात दुपार कशी काढायची हे मला अजून जमलेलं नाही. म्हणून हवा भरली. भरल्यावर वाटलं, चालते का बघू. ती चालली. मग वाटलं, आज तो रस्ता शोधूनच टाकावा.

तो रस्ता म्हणजे दयाचा रस्ता. तिचं माहेर सोनखडी, हिवरे बाजारच्या बाजूचं लहानसं गाव. वडील शाळामास्तर. दया नगरला बोर्डिंगात शिकायची. दर सोमवारी मास्तर तिला सायकलच्या कॅरेजवर बसवून पोचवायचे आणि शनिवारी परत न्यायचे. हा सगळा प्रवास केडगावपासून पुढं रानातनं, डांबरी रस्त्याला चाक न लावता व्हायचा, असं तिचं म्हणणं. आणि असा रस्ताच नाही, हे माझं म्हणणं. मी बांधकाम खात्यात नकाशे काढतो. त्यामुळे माझ्या म्हणण्याला वजन होतं, निदान ऑफिसात तरी.

"अहो, आहे रस्ता. मी गेलेय त्यावरून."

"नकाशात नाही."

"मग नकाशात घाला."

आमच्या भांडणांमधलं हे सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत आवडतं भांडण. पाहुणे आले की लोक अल्बम काढतात, तसं आम्ही ते काढायचो. ती गेल्यावर मी ते एकट्यानं करून पाहिलं. दोन्ही बाजू मीच मांडल्या. पण 'मग नकाशात घाला' हे वाक्य मला तिच्यासारखं म्हणताच येईना, आणि तिथंच ते भांडण मोडायचं. शेवटी ठरवलं, रस्ता शोधायचा, त्यावरून जायचं आणि तिचं बरोबर होतं हे मान्य करून टाकायचं. कुणापुढं मान्य करायचं, तो प्रश्न पुढचा.

डॅनीचं हेल्मेट घातलं. (हेल्मेट त्याच्या मापाचं, डोकं माझ्या, दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही.) त्याचं पोपटी जाकीट चढवलं, ते अंधारातही चमकतं. मोबाईल हँडलला बांधला. आणि दयाच्या खुणा आठवत निघालो: आधी पाझर तलाव, मग गुऱ्हाळ, मग मोठी चिंच. चिंचेपाशी डावीकडे. की सरळ आमच्या दारात.

पुणे रस्ता सोडून मी आत वळलो आणि सायकलीचं खरं रूप कळलं. ट्रॅक्टरच्या चाकोरीत ती माझं ऐकत नव्हती आणि चाकोरीबाहेर मी तिचं. दोन्हीकडं छातीएवढी ज्वारी उभी. एका वस्तीवरच्या कुत्र्यानं मला दुसऱ्या वस्तीच्या हद्दीपर्यंत पोचवलं आणि तिथल्या कुत्र्याच्या हवाली केलं. मोबाईलमधली बाई दर थोड्या वेळानं सांगत होती, "शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या." मी घेतला नाही. पण तिला गप्पही केलं नाही. कुणीतरी 'असं करू नका' म्हणतंय हे बऱ्याच दिवसांनी कानावर पडत होतं.

आणि तलाव सापडला! त्याच्या पुढं गुऱ्हाळही सापडलं. म्हणजे पडकी भिंत आणि काळवंडलेलं चुलवण एवढंच, पण सापडलं. आता माझे पाय गिअर न बदलता पळायला लागले. पुढच्या वळणावर चिंच उभी होती. मी उतरलो, इकडंतिकडं बघितलं आणि कुणी नाही अशी खात्री करून झाडाला हात लावला.

मग डावीकडे वळलो.

वाट थोडी पुढं गेली आणि बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाशी संपली. पलीकडं कांद्याचे हिरवेगार वाफे, थेट टेकाडापर्यंत. मी मोबाईलात बघितलं, बांधाकडं बघितलं, चार पावलं इकडं टाकली, चार तिकडं. नगर जिल्ह्यात पोपटी जाकीट घालून दोन शेतांच्या बांधावर असं करू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

"आलं का मोजणीचं सायेब!" शेजारच्या संत्र्याच्या बागेतून टोपी सावरत एक म्हातारबाबा आले. "मी रंभाजी. लई वाट बघाय लावली."

"मी मोजणीचा नाही हो."

"असंच म्हनत्यात. गुपचूप पाहनी असती, ठाव हाय आमाला. ह्यो बघा, ह्या मच्छिंद्रानं रस्ता नांगरून कांदा केला. माझी संत्री काय डोक्यावर न्हेऊ?"

खोरं घेऊन मच्छिंद्र आलाच. चाळिशीचा, धिप्पाड. "कुटला रस्ता? माझ्या आज्यापास्नं हितं रान हाय. नाना, उगं सायबाचं कान भरू नका."

"हे बघा," मी समजुतीनं म्हणालो, "मी फक्त इथून जाणारा जुना रस्ता शोधतोय."

रंभाजींनी टाळी वाजवली. "ऐकलं का! सायेब सोता म्हनत्यात, जुना रस्ता!"

"सायेब, कशावरनं म्हंता?"

"माझी बायको लहानपणी इथून जायची."

"बायकुचा पुरावा चालतो व्हय?"

"आमच्या घरी तरी दुसरा चालत नव्हता."

"मग घेऊन या त्यास्नी. कुटनं जायच्या, बोट लावून दावू द्या."

मी सायकलची घंटी उगाच पुसली. "त्या नाहीत आता."

मच्छिंद्रनं खोरं खाली टेकवलं. रंभाजींनी टोपी काढली. मग टोपी परत घालत रंभाजी हळूच म्हणाले, "म्हंजे मयताची जबानी. मच्छिंद्रा, ती कोर्टात बी फिरत न्हाई."

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. आता इथं 'मला माहीत नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण इतकी वर्षं मी 'नाही, नाही' म्हणत आलो होतो, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी मला गांभीर्यानं विचारत होतं. मी हेल्मेट सरळ केलं आणि म्हणालो, "रस्ता होता."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! घरी म्हणालो असतो तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मच्छिंद्रचा चेहरा उतरला, पण माणूस भला. म्हणाला, "जायचं तर जावा बांधानं. कांद्याला धक्का लावू नका." मी सायकल खांद्यावर घेतली. बांध माझ्या बुटाएवढा रुंद. अर्ध्यावर हेल्मेट डोळ्यांवर घसरलं, आणि मी, सायकल आणि सरकारी प्रतिष्ठा असे तिघंही वाफ्यात बसलो. मागून मच्छिंद्र काय म्हणाला ते उपासनेहून आलेल्या माणसानं लिहू नये.

सोनखडीला पोचलो तेव्हा मेव्हणा एलिया गोठ्यात म्हशीची धार काढत होता.

"सलाम दाजी! आन हे काय, पावडर लावल्यावानी? कुठून आलात?"

"तुझ्या ताईच्या रस्त्यानं," मी ऐटीत म्हणालो. "तलाव, गुऱ्हाळ, चिंच, डावीकडे, मच्छिंद्रचं रान, तुमचं दार."

एलियाचा हात थांबला. "मच्छिंद्रच्या रानातनं? तिथनं कधीच रस्ता नव्हता दाजी."

"म्हणजे? ताई स्वतः सांगायची. चिंचेपाशी डावीकडे."

एलिया आधी नुसता बघत राहिला. मग हसू लागला, इतका की म्हैस मागं वळून बघायला लागली. "अहो, ताई उलटी बसायची! बाबांच्या पाठीला पाठ लावून. बाबांची पाठ बघत जायचा कंटाळा यायचा तिला. तिचं डावं म्हणजे सायकलीचं उजवं! चिंचेपास्नं उजवीकडं वळायचं. ओढ्याच्या काठानं."

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो. उलटी बसायची. संसारभर हे भांडण केलं आणि ही एक गोष्ट तिनं मला सांगितली नव्हती. तिच्या हिशेबी ती सांगण्यासारखी गोष्टच नसावी. सगळ्यांना रस्ता असाच दिसतो, मागं मागं जाणारा, असं तिला वाटत असेल. आता तिला विचारायला हवं होतं.

एलियाचा फोन वाजला. मच्छिंद्रचा आवाज मलाही ऐकू आला. "एलियामामा, तुमच्याकडं पोपटी जाकिटवालं सायेब आलंय का? रंभानाना ट्रॅक्टर घिऊन आलाय. म्हंतोय, सायबानं रस्ता दिला!"

एलियानं माझ्याकडं बघितलं. मी म्हशीकडं.

"मला धार टाकून येता येत नाही दाजी," तो म्हणाला. "रस्ता तुम्ही दिलाय. तुम्हीच परत घ्या."

मी परत गेलो. बांधानंच, यावेळी हेल्मेट हातात घेऊन. ट्रॅक्टर कुंपणाशी धडधडत होता. वर रंभाजी. आणि ट्रॅक्टरसमोर काट्यांना पाठ लावून, नऊवारीचा ओचा सावरून, मच्छिंद्रची आई गोजरबाई मांडी घालून बसलेली. "ने की अंगावरनं! सायेबाला इचारून ने!"

"नाना, बंद करा," मी ओरडलो. "इथं रस्ता नव्हता!"

"आन ती जबानी?"

"जबानी खरी आहे. पण ती सायकलवर उलटी बसायची. मी डावीकडे वळलो, वळायचं होतं उजवीकडे."

रंभाजींनी ट्रॅक्टर बंद केला. "सायेब," ते म्हणाले, "तुमी मोजणीचं न्हाई म्हनत हुता, ते मला खोटं वाटलं. पन सरकारी हायसा, हे आता पटलं."

इतकी वर्षं खरा रस्ता मी नाकारला, आणि पहिल्यांदा होकार दिला तो नसलेल्या रस्त्याला. मच्छिंद्रला मी तसं सांगितलं आणि माफी मागितली. तो वाफ्यातल्या माझ्या बसण्याच्या खुणेकडं बघत "ऱ्हाऊ द्या" म्हणाला. पण गोजरबाई उठून माझ्याजवळ आल्या होत्या.

"उलटी बसायची म्हनलास? मास्तराची दया का रं?"

"तुम्ही ओळखायचा?"

"मी नवी नवरी हुते. वड्याकडच्या हिरीवर पानी शेंदताना बगायची. बाप म्होरं बगतोय, लेक मागं. दोन येन्या. मला बगून हात करायची. बाकीची मानसं जात्यात तवा पाठ दिसती गं बाई, पन ती पोर लांब जाईस्तवर तोंडानं दिसायची." मग एकदम, "आता कशी हाय?"

मच्छिंद्रनं हळूच आईचा दंड धरला. गोजरबाईंना कळलं. त्यांनी माझ्या पोपटी जाकिटावरची माती झटकली, पोराची झटकतात तशी, आणि मच्छिंद्रवर खेकसल्या, "बगत काय ऱ्हायलास? जा, सायबाला वड्याची वाट दाव! न्हाईतर परत कुनाच्या तरी रानात बसंल."

आम्ही चिंचेपाशी आलो आणि उजवीकडे वळलो.

वाट होती. ओढ्याच्या काठानं, करंजीच्या झाडांखालून, बैलगाडीएवढी रुंद, पांढऱ्या फुफाट्याची. नकाशात नसलेली. मी पुढं सायकलवर, मच्छिंद्र मागून पायी. साहेब नक्की गेले याची त्यालाही खात्री हवी असावी. विहीर लागली. मग खडीचा उभा चढ. इतके गिअर असून सगळे एकदम संपले, आणि मी उतरून सायकल ढकलत चालू लागलो. सगळेच इथं उतरत असणार. मास्तरही उतरत असतील. आणि मागं बघत बसलेल्या त्या मुलीला चढ आलाय हे उतरायची वेळ आल्यावरच कळत असेल.

वर पोचलो. पुढं वाट सपाट झाली होती. ऊन कलतं होतं, टेकाडाखाली सोनखडीची घरं दिसत होती. मी सायकलवर टांग टाकली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि स्कूटर सुरू केल्यावर इतकी वर्षं दयाला म्हणत आलो तसं, मागं न बघता म्हणालो, "बस."

मागं जरा वेळ काहीच हललं नाही. मग मच्छिंद्र खाकरला.

"कुटं बसू सायेब? ह्याला तर कॅरेजच न्हाई."