सतरा पदार्थ आणि एक धिरडं

आमचं बंजरमासिन पायांनी नाही, पोटानं बघायचं गाव आहे! आणि ते दाखवणारा माझ्याइतका जाणकार मार्तापुरा नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत नोकरी केली, पण खरी हजेरी लावली ती खाण्याच्या होड्यांवर. कोंबडीचा सोतो, म्हणजे रस्सा, कुठल्या होडीवर दाट, कुणाचा हरुआन मासा खाऊन माणूस घरचा पत्ता विसरतो, सगळं तोंडपाठ!

तर आमच्या नोराइदाला मागणी घालायला मुलाचे वडील विर्योनो, आदरानं पाक विर्योनो, समुद्रापलीकडच्या सोलोहून आले तेव्हा मी बायकोला छाती फुगवून सांगितलं, "अर्बाइना, दुपारच्या बैठकीची काळजी सोड. सकाळी मी त्यांना होडीतून गाव खायला घालतो. 'मुलं इथंच राहू देत' असं म्हणतच परत येतील!"

घोडं तिथंच अडलं होतं. लग्न जमल्यासारखंच होतं, पण नंतर मुलांनी राहायचं कुठं? नोराइदाची शाळेतली नोकरी इथं. मुलगाही इथं यायला तयार. वडील मात्र "बघू या" एवढंच म्हणत. सोलोच्या माणसाचं "बघू या" म्हणजे हो की नाही, ते देवालाच ठाऊक! एकुलती एक पोर समुद्रापलीकडे जाणार या विचारानं माझी झोप उडाली होती.

पहाटेची नमाज आटोपून निघालो, तर अर्बाइनानं केळ्याची गरमागरम धिरडी पुढं केली. पाक विर्योनो दोनदा "नको, नको" म्हणाले आणि तिसऱ्या आग्रहाला दोन धिरडी खाल्ली. सोलोची रीतच तशी. मी मात्र हात वर केले.

"मी पोटात जागा ठेवतोय!"

"अहो, निदान बोट तरी लावा! कपुहुनान लागेल."

पुढ्यात आलेलं खाणं न चाखता उठलं की कपुहुनान लागतं, म्हणजे घरी यायच्या आत काहीतरी अपघात होतो, असं आमच्याकडं मानतात. खायचं नसेल तर नुसतं बोट लावून जिभेला टेकवलं तरी भागतं.

"पेन्शनीत निघालेल्या माणसाला घाबरवतेस?" मी हसलो आणि होडी सुरू केली.

उजाडता उजाडता बाजारात पोचलो. रुंद टोप्या घातलेल्या बायांच्या होड्यांनी नदी नुसती गजबजली होती. मी इंजिन बंद केलं न केलं तोच रुस्मी मावशीनं केकची होडी आमच्या होडीला भिडवली आणि टोकाला खिळा लावलेली लांब काठी पाहुण्यांच्या हातात दिली.

"टोचा आणि उचला, पाहुणे!"

"नको, नको," पाक विर्योनो मऊ आवाजात म्हणाले.

"नको? अगं बायांनो, पाहुणा भर नदीत नको म्हणतोय!" मावशीनं अशी बोंब ठोकली की सगळ्या टोप्या एकदम आमच्याकडं वळल्या.

"माझं काय चुकलं?" पाहुण्यांनी हळूच विचारलं.

मी समजावून सांगितलं. इथंच माझी चूक झाली! नुसतं सांगून थांबायचं की नाही? पण गावाचा अभिमान आडवा आला. मी मगरीनं नेलेल्या तीन माणसांची उदाहरणं दिली, त्यातला एक तर आमच्या चुलत आजोबांच्या शेजारचा. पाक विर्योनो पांढरेफटक पडले आणि त्यानंतर त्यांनी कशालाही नकार दिला नाही!

चाळीस होड्यांचा वेढा पडला. केक आले, भात आला, तळलेला मासा आला. एक बाई पालेभाजीची जुडी देऊन दुसरीकडून मासा बदलून घेत होती. तो कच्चा मासा पाहुण्यांच्या नाकासमोरून गेला, तर त्यांनी त्यालाही बोट लावून जिभेला टेकवलं!

"कसं लागलं?" मी प्रत्येक घासाला विचारत होतो.

"छान."

केक छान, सोतो छान, कच्चा मासाही छान! सगळ्याला तेच हसू. सतरा पदार्थ झाले तरी मला पत्ता लागेना की गडी खूश आहे की वैतागला आहे. दुपार जवळ येत होती. माझी पोर हातची चालली!

शेवटी मी सोतोचा वाडगा उंच धरून होडीच्या टोकावर उभा राहिलो. "व्याहीबुवा, हा रस्सा म्हणजे आमच्या शहराची अब्रू! जगात कुठंही..."

कुठंही काय, ते राहूनच गेलं. लुंगी पायात अडकली आणि मी वाडग्यासकट धपकन नदीत!

लहानपणी हीच नदी मी पोहून पार करायचो. पण लुंगीनं दोन्ही पाय बांधलेला माणूस काय पोहणार? दोन घोट पाणी नाकातोंडात गेलं, तेवढ्यात कॉलरमध्ये काहीतरी रुतलं. रुस्मी मावशीची केकची काठी!

"धरला गं!"

तिघींनी ओढून वर घेतलं. एकीनं पाठीत गुद्दे घातले, एकीनं आल्याचा चहा पाजला, एकीनं आपली फुलाफुलांची लुंगी मला गुंडाळली आणि झाडून सगळ्यांनी रागावून घेतलं.

"सकाळी कुणाचं खाणं नाकारलंस, मसरानी?" मावशीनं दरडावलं.

मला एकाएकी फार खोकला आला.

"वहिनींचं," पाक विर्योनो नम्रपणे म्हणाले. "केळ्याचं धिरडं. मी तिथंच होतो."

अख्खी नदी खिदळली!

तशाच फुलाफुलांच्या लुंगीत मी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत बसलो. अर्बाइनानं मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पाक विर्योनोंनी घसा खाकरला.

"मुलं इथंच राहू देत."

मी लुंगी सावरत उडी मारली. "बघ अर्बाइना! म्हटलं नव्हतं? आमचं खाणं एकदा जिभेला लागलं की..."

"खाण्याचं असं आहे, व्याहीबुवा," ते संकोचून म्हणाले, "विमानातून उतरल्यापासून नाक चोंदलंय. मला कशाचीच चव लागलेली नाही. तुम्ही इतक्या हौसेनं विचारत होतात, सांगायचं कसं?"

बैठकीत कुणीतरी फिसकन हसलं. मी खाली बसलो.

"मग... कबूल कशामुळं झालात?"

"माझ्या मुलाला पोहता येत नाही. घराच्या पायरीशी नदी, अशा गावात त्याला कसं सोडू, एवढीच धास्ती होती. आज पाहिलं. इथं माणसाला बुडायला निवांत जागाच मिळत नाही!"

पडद्याआड नोराइदा रडत होती की हसत होती, कळलं नाही. माझे डोळे मात्र भरून आले, लपवत नाही. माझं गाव जिंकलं होतं! मला पाण्यात टाकून का होईना.

अर्बाइनानं सकाळचं गार धिरडं माझ्यापुढं ठेवलं. मी मुकाट्यानं शेवटचा तुकडाही संपवला.

"कसं लागलं?" तिनं विचारलं.

नदीच्या पाण्यानं माझं नाक गच्च बंद झालं होतं.

"छान," मी मऊ आवाजात म्हणालो.

पाक विर्योनोंनी आपला रुमाल माझ्याकडं सरकवला.